ते कॉफीचं मशीन घ्यावं म्हणते

मुरुम गावच्या आडत बाजारात कल्याणप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तूर मुठीत घेतली, दोन दाणे दाताखाली धरले, की माल कुठल्या शिवारातला, किती वाळलेला आणि पोत्याच्या तळाशी कचरा किती, हे ते पोतं न ओतता सांगत. असा माणूस घरात वस्तू आणायला निघाला की घरच्यांच्या अंगावर काटा येतो. साधा मिक्सर आणायला त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. पंखा घेताना दुकानदाराला पाती उतरवून दाखवायला लावली होती. फसायचं नाही, हा एकच धर्म त्यांनी जन्मभर मनापासून पाळला. तो पाळता पाळता हातचं काय काय गेलं, ते मात्र त्यांनी कधी वळून पाहिलं नाही.

अशा माणसाकडे त्यांच्या बायकोनं, रुद्रम्मांनी, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. पाडवा नुकताच झाला होता. कल्याणप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. आडतीचा कारभार मुलगा सोमेश बघायला लागल्यापासून त्यांना सकाळी घाई नसे, पण बाजारात गेल्याशिवाय करमतही नसे. रुद्रम्मा चहाचा कप ठेवायला आल्या. कप ठेवला, पण आत गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या उमाकडं हाय तसलं कॉफीचं मशीन आपल्यात बी घ्यावं म्हणते."

कल्याणप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. साडी मागितली असती, पाटल्या मोडून नव्या करू म्हटलं असतं, तर त्यांना ओळखीचं वाटलं असतं. कॉफी या घरात पाहुण्यालाही कुणी विचारलेली नव्हती. मग त्यांना आठवलं, की हिचं माहेर कर्नाटकातलं, आळंदच्या पलीकडचं. कर्नाटक म्हणजे कॉफी. आता आळंद कुठं आणि कॉफीचे मळे कुठं, आळंदकडची माणसं आपल्यासारखाच चहा ढोसतात. पण कल्याणप्पांना तेवढा दुवा पुरला. माहेरची चव तिला म्हातारपणी आठवली असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. "बघू की," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू की' आलं म्हणजे काम झालं असं घरात समजत. कधी झालं, ते विचारायचं नाही.

खरं काय होतं ते सांगतो. त्याआधीच्या हिवाळ्यात दोघं बेंगळुरूला लेकीकडे, उमादेवीकडे राहून आले होते. तिथं रुद्रम्मांच्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टरांनी चुलीशेगडीपासून, वाफेपासून लांब राहायला बजावलं होतं. लेक आणि जावई सकाळीच कामाला जात. मागे उरत ही दोघं आणि स्वयंपाकघरातलं ते चकचकीत मशीन. जावयानं एकदा दाखवून ठेवलं होतं, पावडर इथं भरायची, दाबून बसवायची, हे बटण. पाचव्या मजल्यावर आडत नव्हती, रामराम घालायला कुणी नव्हतं. मग ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःचा पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, त्यानं बायकोसाठी कॉफी केली. रुद्रम्मा काळा चष्मा लावून गॅलरीत बसलेल्या असत. कल्याणप्पा दोन कप घेऊन येत, एक त्यांच्या हातात देत आणि समोरच्या खुर्चीवर बसत.

बघणारं कुणी नव्हतं, म्हणून बसत. मुरुमच्या घरात हे कधी जमलंच नव्हतं. आधी सासूसासरे होते, मग येणीजाणी, हमाल, शेतकरी, आता सून. नवराबायको समोरासमोर बसून चहा पितायत, हे त्या ओसरीनं पाहिलेलं नव्हतं.

गॅलरीत रुद्रम्मा बोलायला लागल्या. नवी नवरी होऊन आल्यावर पहिलं वर्षभर तुमची मराठी मला नीट कळत नव्हती, सगळे हसले की मीही हसायची, असं त्यांनी एका सकाळी सांगितलं. कल्याणप्पांना हे नवीनच होतं. त्यांनी विचारलं, "मग म्या वरडायचो ते बी कळत नव्हतं व्हय?"

"ते कळायचं," रुद्रम्मा म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

आणखी एका सकाळी त्यांनी भूकंपाची गोष्ट काढली. त्या पहाटे जमीन हलायची थांबली तसे कल्याणप्पा आडतीकडे पळाले होते, गोदामाची भिंत पडली का ते बघायला. "मी दोघा लेकरांला घिऊन गल्लीत हुबी हुते," रुद्रम्मा म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. कल्याणप्पा उठले आणि आणखी एक कप कॉफी करून घेऊन आले. रुद्रम्मांनी तीही घेतली.

एवढं सगळं घडल्यावर ही बाई मशीन मागते म्हणजे काय मागते, हे कुणाच्याही ध्यानात यावं. ताकाला जाऊन भांडं लपवलं हा रुद्रम्मांचा दोष म्हणायचा तर म्हणा. पण 'माझ्यापाशी येऊन बसत जा' असं नवऱ्याला तोंडानं सांगायची चाल त्यांच्या पिढीत कुठल्या बाईला होती? त्यांनी आपल्या परीनं सांगितलं. आणि कल्याणप्पांनी ते आपल्या परीनं ऐकलं, म्हणजे माल कुठला, भाव काय आणि वॉशर कुठं मिळतो.

वॉशरचा प्रश्न त्यांनी खरोखरच विचारला. उमरग्यात नुसती चहाकॉफीची तयार पावडर ढवळून देणारी हॉटेलातली यंत्रं मिळाली, म्हणून ते एसटीनं सोलापूरला गेले. जावयाकडचं मशीन फार वरच्या भावाचं होतं. तेवढं नको, स्वस्तातलं पण टिकाऊ हवं, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदारानं दोन जाती दाखवल्या. एक नुसत्या वाफेवर चालणारं, कुकरचं धाकटं भावंड. ते स्वस्त, पण वाफ पावडरीला भाजून काढते आणि कॉफी करपट उतरते. दुसऱ्यात पाणी रेटायला छोटा पंप. पंप म्हटल्यावर कल्याणप्पांना गोष्ट समजली. विहिरीवरच्या मोटारींत त्यांचं आयुष्य गेलं होतं. दाब किती, मोटार तापते का, कंपनी बंद पडली तर वॉशर कुठून आणायचा, असं विचारून विचारून त्यांनी त्या दुकानदाराचा घसा कोरडा केला आणि काही न घेता परत आले.

मग लातूर झालं. मग सोमेशच्या मोबाईलवर पोरासोरांचे व्हिडिओ बघणं झालं. त्यातून त्यांना कळलं, की खरी चव ताज्या दळलेल्या बियांची, आणि बिया दळायची चक्की मशीनपेक्षा महाग. नाकापेक्षा मोती जड, म्हणून चक्की रद्द झाली. तयार पावडर वापरायची तर दुहेरी बुडाची गाळणी असलेलं मशीन बघायचं, म्हणजे पावडर थोडी जाडीभरडी असली तरी निभावतं, हेही कळलं. माणूस हुशार होता, यात शंका नाही.

या सगळ्या दिवसांत रुद्रम्मा सकाळी ओसरीवर येऊन बसायला लागल्या होत्या. खुर्चीवर नव्हे, उंबऱ्यापाशी पाटावर. कल्याणप्पांना वाटे, मशीनचं कुठवर आलं ते ऐकायला येते. मग ते तिला पंपाचं सांगत, गाळणीचं सांगत, सोलापूरचा दुकानदार कसा लबाड आहे ते सांगत. रुद्रम्मा ऐकून घेत. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "मशीनच पायजे असं काय न्हाय. चहा बी चालतो की."

"एवढ्यात हौस फिटली व्हय?" कल्याणप्पा हसले. "घ्यायचं म्हटलंय तर घेणार. पण बघून घेणार." आणि कप खाली ठेवून बाजाराकडे निघाले.

उन्हाळ्यात हरभऱ्याचे भाव वरखाली होत होते, म्हणून थांबले. पावसाळ्यात वीज कमीजास्त होते, नवं मशीन जळायचं, म्हणून थांबले. पुढं पितृपक्ष आला. लिंगायतांच्या घरात पितृपक्षाचं काय एवढं. पण बाजारपेठ त्या पंधरवड्यात नवी वस्तू घेत नाही, आणि कल्याणप्पांचं खरं गोत्र बाजारपेठच. अखेर दसऱ्याच्या तोंडावर पंपाचं, दुहेरी गाळणीचं, काळ्या रंगाचं आटोपशीर मशीन सोलापूरहून त्यांच्या मांडीवर बसून मुरुमला आलं. खंडेनवमीला ताजव्याशेजारी त्यालाही मांडलं. विभूतीची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. रुद्रम्मांनी हात जोडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, हे बघायचं कल्याणप्पांच्या डोक्यात आलं नाही. ते वायर नीट पोचते का ते बघत होते.

पुढच्या काही सकाळी त्या स्वयंपाकघरात जे झालं, ते सून शिवांजली अजून हसत सांगते. सासरे ओट्याशी उभे, म्हणजे तिला आत जायची सोय नाही. कणकेचा हात तसाच घेऊन ती दाराबाहेर उभी, भाकरी-पोळी खोळंबलेली. पहिल्या दिवशी कल्याणप्पांनी किराणा दुकानातली चिकोरी मिसळलेली पावडर ठासून भरली. ती गरम पाण्यानं फुगली आणि गाळणीची छिद्रं बुजली. मशीन नुसतं घरघरलं, थेंब उतरेना. कल्याणप्पांनी दांडा फिरवून ओढला, आणि आत कोंडलेला दाब सुटून काळा चिखल त्यांच्या धोतरावर, भिंतीवर आणि बसवेश्वरांच्या कॅलेंडरवर उडाला. पण ते हटले नाहीत. चिकोरी नसलेली पावडर मागवली. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं मशीनचा गळा धरेल म्हणून जारचं पाणी वापरायला लागले. वाफेची नळी दुधात किती बुडवायची तेही जमवलं. या वयात नवं काही शिकताना माणूस थोडा तरुण होतो, तसे ते झाले होते.

रुद्रम्मा रोज आंघोळ-पूजा लवकर उरकून ओसरीवर येऊन बसत. आता पाटावर नाही, कल्याणप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर. फसलेली कॉफीसुद्धा त्या बघायला मागत आणि पदरात तोंड लपवून हसत.

आणि मग ती सकाळ आली. कॉफी उतरली तीच मधासारखी, दाट. दूध नीट फेसाळलं. कल्याणप्पांनी वास घेतला आणि त्यांना बेंगळुरूची गॅलरी आठवली. दोन कप दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, ते ओसरीवर आले. रुद्रम्मांनी हात पुढं केला होता.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली आणि अमरसिंह पाटील उतरले. मोठे बागायतदार, वर्षानुवर्षं सगळा माल कल्याणप्पांच्याच आडतीला घालणारे, आणि जिभेचे तिखट. परका पुरुष आलेला बघून रुद्रम्मा सवयीनं उठल्या, पदर सारखा केला आणि दाराआड गेल्या. अमरसिंहांनी धोतर नेसलेल्या, दोन हातांत दोन नाजूक कप धरलेल्या कल्याणप्पांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय आप्पा," ते म्हणाले, "म्हातारपणी वहिनींच्या हाताखाली लागलाव व्हय?"

बाजारात ज्या माणसाची जीभ भल्याभल्यांना ऐकत नसे, तो माणूस त्या एका वाक्याला घाबरला. दुसरा शब्द नाही त्याला, घाबरला. कल्याणप्पा म्हणाले, "छ्या, म्या कशाला करतोय. सूनबाईनं केली. तुमची जीप बघितली अन् उचलून आणली." आणि त्यांनी दुसरा कप अमरसिंहांच्या हातात दिला.

अमरसिंह रुद्रम्मांच्या खुर्चीवर बसून कॉफी प्याले. असली कॉफी पुण्यात सुद्धा मिळत नाही म्हणाले. कल्याणप्पांची छाती फुगली. मशीन कसं निवडलं, दुकानदाराला कसं वाकवलं, ते त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. दार उघडंच होतं. आत सगळं ऐकू जात होतं, याची त्यांना त्या वेळी आठवणसुद्धा नव्हती. कप रिकामे झाल्यावर ते अमरसिंहांच्याच जीपमधून बाजाराला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवांजलीला सांगून टाकलं, की आता कॉफी तू करत जा आणि तुझ्या सासूला देत जा. ते त्यांना फार सोयीचं वाटलं. खोटं बोललो होतो, ते खरं झालं. शिवाय रुद्रम्मांना कॉफीही मिळाली. शिवांजलीचा हात चांगला, तिची कॉफी सासऱ्यांपेक्षा सरस होई. ती कप घेऊन मागच्या दारी जाई, तिथं रुद्रम्मा भाजी निवडत बसलेल्या असत. काही दिवस त्यांनी घेतली. मग एकदा म्हणाल्या, मला पित्त होतंय, नको करत जाऊस.

कल्याणप्पांना राग आला. सोलापूर-लातूरच्या चकरा मारल्या त्या कुणासाठी? नव्याचे नऊ दिवस, बायकांची हौस ही अशीच, असं ते सोमेशला म्हणाले. रुद्रम्मांना काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही. मशीन मग आल्यागेल्याच्या उपयोगी पडू लागलं. व्यापारी आले की कॉफी, बँकेचे साहेब आले की कॉफी. कल्याणप्पांच्या घरची कॉफी मुरुमात गाजली. घरात एकच माणूस ती पीत नव्हतं.

वेळ अमावस्येला, शेतातल्या जेवणाच्या सणाला, उमादेवी माहेरी आली. सगळे शेतात गेले. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे झाले, आणि बायकाम्हाताऱ्या बोरं वेचायला बांधाकडे पांगल्या. कल्याणप्पा चिंचेखाली लेकीपाशी बसले आणि बोलता बोलता आईची तक्रार करून बसले. एवढं हौसेनं मागून घेतलं आणि आता कपाला हात लावत नाही, म्हणाले.

उमादेवी म्हणाली, "अप्पा, अव्वाला कॉफी आवडतच नाही."

कल्याणप्पांना वाटलं, ही थट्टा करतेय. ते म्हणाले, तुझ्या घरी रोज पीत होती की, मी स्वतः करून देत होतो.

"तुम्ही करून देत होता म्हणून पीत होती. मला म्हणायची, कडू जहर लागते, पण ह्यांना सांगू नको, उगं बंद करतील." उमादेवीचा आवाज आता बापाशी बोलायचा राहिला नव्हता. पावसाळाभर अव्वा मला फोनवर विचारायची, असलं मशीन निवडायला एवढे दिवस लागतात का गं, असं ती सांगत गेली. आता आलं की तुमचे अप्पा रोज सकाळी बसणार बघ, असं म्हणायची. लहान पोरीसारखी म्हणायची. दसऱ्यानंतर ते बोलणं बंद झालं. मी खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलली, पुन्हा विषय काढू दिला नाही.

"काय बोलली?" कल्याणप्पांनी विचारलं.

"पाटलांच्या हातात दिला तो कप कुणाचा होता, अप्पा?"

आपल्या चुकीचं नाव आपल्या लेकीच्या तोंडून ऐकणं फार वाईट. सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात, पण दुखायचं ते दुखतंच. बांधाकडे बायका बोरी झोडपत होत्या, त्यात रुद्रम्मांचं लुगडं दिसत होतं. कल्याणप्पांना एकेक सकाळ आठवायला लागली. उंबऱ्यापाशी पाटावर बसून ती पंपाचा दाब ऐकत होती. चहाही चालतो म्हणाली होती. मुठीत धरलेल्या तुरीचं शिवार ओळखणाऱ्या माणसाला, समोर बसलेल्या बायकोच्या मनातलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं. ते कठीण होतं असंही नाही. तिनं सोपं करून सांगितलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अमरसिंहांपुढं वाटलेल्या लाजेसारखी नव्हती. ती लाज घटकेत गेली होती. ही जाईना.

उमादेवी बेंगळुरूला परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी कल्याणप्पा सगळ्यांच्या आधी उठले. आल्यागेल्याच्या कॉफीत कुणी जारचं पाणी वापरलं नव्हतं. मशीनमध्ये क्षार धरला होता, धार बारीक झाली होती. त्यांनी आदल्या दिवशीच लिंबूसत्व घालून दोनदा आतून धुऊन ठेवलं होतं. शिवांजली दारात आली तशी, "बाळ, जरा थांब, मला करू दे," म्हणाले. एका कपात कॉफी गाळली. मग क्षणभर उभे राहिले आणि दुसऱ्या कपासाठी चहाचं आधण ठेवलं. त्यांना चहा करता येत नव्हता. आलं किती, पत्ती किती, हे शिवांजलीनं दाराबाहेरून सांगितलं. सासऱ्यांना चमच्यानं पत्ती मोजताना बघून ती या वेळी हसली नाही.

ते दोन्ही कप घेऊन बाहेर आले तेव्हा रुद्रम्मा चपला घालत होत्या. दिवाळीपासून त्या रोज सकाळी शेजारच्या बाईंबरोबर मठात जात. तिथं वचनं म्हणत, झाडलोट करत, बायका बोलत बसत. जेवणाच्या वेळेला परत येत. कल्याणप्पांना हे माहीत होतं. त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं एवढंच.

"जरा बस की," ते म्हणाले. "चहा केलाय तुला. म्या केलाय."

रुद्रम्मांनी त्यांच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि चपला काढून खुर्चीवर बसल्या. चहा घेतला. पत्ती जास्त पडली होती, रंग काळपट आला होता. फाटकासमोरून लोक जात होते, कुणी रामराम घालत होतं, कुणी वळून बघत होतं. कल्याणप्पा कुणाला काही सांगायला गेले नाहीत. बायकोसमोर उघड्यावर बसून त्यांनी सगळ्यांचे रामराम घेतले.

"उमा म्हणाली, तुला कॉफी आवडत न्हाय."

"न्हाय आवडत."

"मग मला सांगायचं तरी."

रुद्रम्मांनी चहाचा घोट घेतला. कल्याणप्पांना आयुष्यात कधी सौदा तोडताना एवढं जड गेलं नव्हतं. ते म्हणाले, "चुकलं माझं. त्या दिवशी पाटलाला कप दिला, ते लई चुकलं. आता रोज बसू. चहा घिऊन. कुणी का येईना."

रुद्रम्मांनी कप मांडीवर टेकवला. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर कल्याणप्पांना बरं वाटलं असतं. रुसलेला माणूस वळवण्यात त्यांचा हातखंडा होता. पण रुद्रम्मांचा चेहरा नेहमीसारखाच होता. उलट त्यांना नवऱ्याची दया आल्यासारखी दिसत होती.

"तवा लई वाटायचं हो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठले की वाटायचं, आज बसतील. आता वाटत न्हाय. वाटावं म्हटलं तरी वाटंना. काय करू?"

त्यांनी ते खरोखर विचारलं. इतक्या उशिरा का होईना नवऱ्यानं काही मागितलं आणि ते आपल्यापाशी शिल्लक नाही, याचा संकोच त्यांच्या आवाजात होता. कल्याणप्पांना म्हणायचं होतं, की वाटेल, हळूहळू वाटेल. पण ते आडत्याचं बोलणं झालं असतं, आणि ते त्यांच्या ओठापर्यंत येऊन परत गेलं.

फाटकाशी शेजारच्या बाईंनी हाक मारली. रुद्रम्मांनी उरलेला चहा संपवला, कप तळापर्यंत मोकळा केला. चांगला झाला होता, म्हणाल्या. परक्या घरी गेल्यावर यजमानाचं मन मोडू नये म्हणून म्हणतात, तसं म्हणाल्या. मग चपला घातल्या आणि मठाकडे गेल्या.